चांगदेव हिरोळे यांच्या नावाची परवानगी

पलासिया, इंदूर
६ जानेवारी १९९८

श्रीमती यशोधरा हिरोळे यांना,

जयभीम. झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुमचा फॅक्स शुक्रवारी आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत मिळाला.
२. तुमचे वडील इंग्लंडहून भारतात येत आहेत आणि मार्चमध्ये इथूनच पर्थला तुमच्याकडे जाणार आहेत. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाची इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी, म्हणजे ईटीए, काढावी, असं त्यात होतं. सोबत त्यांच्या ब्रिटिश पासपोर्टमधला तपशील होता.
३. आमचे मालक शरच्चंद्रजी यांनी काम माझ्याकडे दिलं. आरक्षणाचा कॉम्प्युटर मी चालवते.
४. मी तपशील भरला. आडनाव हिरोळे. नाव चांगदेव तुकाराम. जन्म १७ नोव्हेंबर १९३८. फॅक्समध्ये जन्मस्थान इंदूर होतं.
५. परवानगी लगेच मिळाली.
६. चांगदेव तुकाराम हिरोळे हे माझ्या वडिलांचं नाव आहे. जन्म १७ नोव्हेंबर १९३८, इंदूर. ते गेल्या एप्रिलमध्ये वारले. मी जवळ होते.

सहाव्या मुद्द्याचा तुमच्या कामाशी संबंध नाही, असं मी शनिवार-रविवार स्वतःला सांगितलं. जन्मतारीख एक जून असती तर योगायोग समजून सोडून दिलं असतं. त्या पिढीत शाळेचे मास्तर निम्म्या वर्गाला तीच तारीख लावत. सतरा नोव्हेंबर कोणी अंदाजाने लिहीत नाही. माझ्या वडिलांकडे पासपोर्ट नव्हता. मिल बंद होईपर्यंत ते विणकर होते आणि रतलामच्या पलीकडे फारसे कधी गेले नाहीत.

शरच्चंद्रजींना सांगितलं तर म्हणाले, "अरे बाई, अप्रूव्हल आलं ना? मग? फिर क्या टेन्शन!" कामाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे.

परवानगीबद्दल तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. तिचा शिक्का नसतो, कागद नसतो. ब्रिटिश पासपोर्टवर ती मिळते. आमच्या पासपोर्टवर नाही, आम्हाला दिल्लीला अर्ज धाडावा लागतो. ती एक वर्ष चालते. वर्षात कितीही वेळा जाता येतं, एका वेळी तीन महिने राहता येतं. विमानात बसवण्याआधी ते लोक मशीनमध्ये नाव पाहतात. नाव असलं की झालं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते तेव्हापासून माझे वडील रोज संध्याकाळी मला विचारायचे, "आज मशीन थांबलं तर नाही?" मी म्हणायचे, "नाही थांबलं." आमचं बोलणं बहुतेक तेवढंच. शुक्रवारी त्यांच्या नावापुढे मंजुरी आली तेव्हा मला ते वाक्य ऐकू आलं, असं मी म्हणणार नाही. आठवलं, एवढंच.

एक विचारायचं आहे. इंदूरमध्ये एजन्सी पुष्कळ आहेत. आमची तुम्हाला कोणी सुचवली?

मैत्री हिरोळे


पर्थ
१७ जानेवारी १९९८

प्रिय मैत्री,

जयभीम. अगं, मला श्रीमती काय म्हणतेस! तुझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेन. ताई म्हण.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि सहाव्या मुद्द्यावर येऊन थांबलं. तुझे वडील गेले हे आम्हाला माहीत नव्हतं. बाबांना मी फोनवर सांगणार नाही, तुमच्या घरी पोचल्यावर कळू दे. त्यांचा जीव होता विष्णूकाकांवर.

म्हणजे तुझे वडील विष्णूकाकाच ना? बाबांनी मला सांगितलं ते असं: "इंदूरला माझा विष्णू आहे. त्याची पोरगी पलासियाला एजन्सीत कॉम्प्युटरवर बसते. तिलाच काम सांग, दुसऱ्या कोणाला नको." लहानपणापासून ऐकत आले आहे, इंदूर म्हणजे विष्णू. आणि तू लिहितेस की त्यांचं नाव चांगदेव. चांगदेव तर माझे बाबा! घोटाळा बहुतेक माझ्या मराठीचा असेल. आईने बोल्टनच्या स्वयंपाकघरात दर रविवारी शिकवलेली ही मराठी. आई गेली, आता चुका दाखवायला कोणी नाही.

बाबांना नीट पाठव, मैत्री. मेच्या सुरुवातीला मला बाळ होणार आहे. नवरा खाणीवर कामाला, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. मी नर्स आहे, दुसऱ्यांची किती बाळंतपणं पाहिली. पण आपल्या वेळेला घरात आपलं माणूस हवं गं. मला तेवढं एकच माणूस उरलंय. चार वर्षं झाली त्यांना पाहून. बोल्टनची मिल केव्हाच बंद पडली, तिथे आता गालिच्यांचं दुकान आहे, तरी हा माणूस जागचा हलत नव्हता. शेवटी एका अटीवर तयार झाले. म्हणाले, "आधी इंदूर. मग तू म्हणशील तिथे."

सात मार्चला मुंबईहून सिंगापूरमार्गे त्यांची जागा धरली आहे. तोपर्यंत ते तुमच्याकडे. त्यांना तिखट देऊ नकोस, मागतील, तरी देऊ नकोस.

तुझी
यशोधराताई


इंदूर
८ फेब्रुवारी १९९८

यशोधराताई,

जयभीम. तुमचे वडील पोचले. प्रकृती बरी आहे. तिखट आई देते, माझं ऐकत नाही.

घोटाळा तुमच्या मराठीचा नाही.

दार आईने उघडलं. मी मागे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलास का रे विष्णू. किती उशीर."

ते म्हणाले, "वहिनी, चांगदेव कुठंय? त्याचं सामान परत द्यायला आलो."

"कसलं सामान?"

"नाव."

आईने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. ते फोटोसमोर उभे राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मग आता मी कोणाकडे देऊ?"

पुढचं त्यांनी आणि आईने मिळून सांगितलं ते असं. कायम कामगार रजेवर असला की मिलमध्ये त्याच्या जागी जो उभा राहतो त्याला बदली म्हणतात. माझे वडील कायम होते, तुमचे वडील त्यांचे बदली. त्या मिलमध्ये बदली आला तरी हजेरी मूळ माणसाच्या नावाने लागायची. विणकामाच्या खात्यात आवाज इतका, की बोलून उपयोग नसे. मूळ माणूस परत आला की मागून येऊन बदलीच्या डाव्या खांद्यावर थाप द्यायचा. बदली बाजूला व्हायचा, तो उभा राहायचा, मशीन थांबायचं नाही. थाप मिळाल्याशिवाय बदलीने जागा सोडायची नाही.

१९६४ साली इंग्लंडच्या मिलमध्ये काम करण्यासाठी माझ्या वडिलांच्या नावाने व्हाउचर, म्हणजे तिकडचा कामाचा परवाना, आलं. तेव्हा ते काविळीने पडून होते आणि व्हाउचरची मुदत संपत आली होती. मुकादम म्हणाला, "नाव तर तेच राहील. माणूस बदली दे." दुसऱ्या कोणाला हा गुन्हा वाटला असता. या दोघांना ती रोजची गोष्ट वाटली. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तुमच्या वडिलांचा फोटो लागला आणि पासपोर्ट झाला. निघताना माझे वडील खाटेवरून म्हणाले, "या वेळी तू जा. पुढच्या वेळी मी जाईन."

बरे झाल्यावर ते पुन्हा आपल्या नावाने मिलमध्ये उभे राहिले. पुढची वेळ आली नाही. विष्णू हे तुमच्या वडिलांचं नाव. ते मागे कोणाकडे तरी ठेवून जायला हवं होतं, म्हणून तुमच्यासमोर ते माझ्या वडिलांना विष्णू म्हणत राहिले.

हे तुम्हाला त्यांनीच सांगावं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "तू लिही. पोरीच्या तोंडावर मला नाही जमायचं." म्हणून मी लिहिलं. ऑफिसात बोललेले नाही. पासपोर्टवर जे आहे ते मी भरलं. ते नाव कोणाचं, हे मशीन विचारत नाही.

खात्रीसाठी मी एक गोष्ट पाहून घेतली. माझ्या वडिलांच्या डाव्या अनामिकेचं टोक मागात गेलं होतं. तुमच्या वडिलांची दहाही बोटं शाबूत आहेत. अशी खात्री मला का करून घ्यावीशी वाटली, ते लिहीत नाही.

मैत्री


पर्थ
१९ फेब्रुवारी १९९८

मैत्री,

तुझं पत्र मिळालं. 

शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक ठिकाणी बापाचं नाव चांगदेव सांगत आले. माझं आडनावही माझं नाही. तू ते किती नीट, सरळ रेषेत लिहून पाठवलंस. तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, ज्या नावावर मला शाळेत फुकट जेवण मिळालं ते नाव तुझ्या बापाचं. तू रागावली नाहीस. निदान तसं लिहिलं नाहीस. तू काय लिहीत नाहीस ते मला आता थोडं थोडं कळायला लागलंय.

बाबांना सांग, नाव कोणाचंही असो, बाप माझा आहे. मला चिडायचं आहे ते इथे, समोर बसवून. रात्री कुशीवर वळता येत नाही आणि घरात हाक मारायला कोणी नाही. सात मार्चच्या विमानात त्यांना बसव. एवढं कर.

यशोधराताई


इंदूर
९ मार्च १९९८

यशोधराताई,

जयभीम. तुमचे वडील विमानात बसले नाहीत. ते आमच्याकडे आहेत आणि बरे आहेत. शनिवारपासून मी तीनदा फोन केला, वाजत राहिला. तुमच्या हॉस्पिटलला फॅक्स केला, तुम्ही रजेवर असल्याचं उत्तर आलं. म्हणून पत्र.

आधी थोडं मागचं. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. "बाप माझा आहे" हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. जायची तयारी होती. बॅग भरली होती. बाळासाठी आईने दुपटी शिवली, ती वर ठेवली.

महिनाभर ते रोज सकाळी मिलच्या गेटवर जायचे. गेटला कुलूप आहे, आत झाडं वाढली आहेत. समोर प्रेमलताबाईंची चहाची टपरी आहे. त्या मिलमध्ये बॉबिन भरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तुमच्या वडिलांना ओळखलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय विष्णू भिया, इथली बंद, विलायतेतली पण बंद? जहाँ पाँव पडे वहाँ ताला! आता ऑस्ट्रेलियाला निघालात, तिकडे खबर करू का, सांभाळून राहा म्हणून?" तुमचे वडील खूप हसले. मग त्यांना विचारलं, "चांगदेव येतो का इकडे?" प्रेमलताबाई म्हणाल्या, "येत होता आत्ता-आत्तापर्यंत." त्यांच्या बोलण्याला हिशेब नसतो, म्हणून मी तेव्हा विचारलं नाही.

आईने वडिलांचा स्वेटर त्यांना दिला. ते वडिलांच्या जागेवर बसत नाहीत. शेजारी बसतात. ती जागा आई रोज पुसून ठेवते. मी एकदा विचारलं, "कोणासाठी?" तर म्हणाली, "हा बदली आहे, पोरी. ज्याची जागा त्याची."

शुक्रवारी दुपारच्या गाडीने आम्ही मुंबईला निघालो. त्यांना विमानतळापर्यंत सोडायला मी सोबत जाणार होते. आई स्टेशनवर आली होती. गाडी लागलेली होती. ते डब्याच्या पायरीवर चढले आणि थांबले. वळून पाहिलं. त्यांच्या मागे मी होते आणि माझ्या दोन्ही हातांत सामान होतं. त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, कोणाच्या हातावर ठेवावा तसा. मग खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले. कोणाला चढू द्यायला माणूस जितकी जागा सोडतो तितकी सोडून.

मी म्हटलं, "काका, गाडी सुटेल."

ते म्हणाले, "आला तो." आणि मग, "सुटलो मी."

आईने त्या मोकळ्या जागेकडे पाहून पदर सारखा केला. गाडी गेली.

घरी आल्यावर ते झोपले, ते सकाळपर्यंत. आई म्हणाली, या महिन्यात एवढा गाढ झोपलेला तिने त्यांना पाहिला नव्हता.

आज विमान कंपनीकडून कळलं की ती जागा रिकामी गेली. ईटीए रद्द करावी म्हणून मी शोधलं, पण आमच्या मशीनवरून ती परत घ्यायची सोय मला सापडली नाही. चांगदेव तुकाराम हिरोळे यांना ऑस्ट्रेलियात येण्याची परवानगी अजून आहे.

तुमची काय अवस्था होईल याची मला कल्पना आहे. नवी तारीख कळवा, मी पुन्हा प्रयत्न करीन.

मैत्री


पर्थ
१० मार्च १९९८

प्रिय मैत्री,

बाबा पोचले! तुला आधी कळवायला हवं होतं, पण दोन दिवस त्यांच्याभोवतीच घिरट्या घालत होते. फोनची वायर निघाली होती, ती त्यांनीच शोधून काढली.

रविवारी गाडी सुरू होईना. विमानतळावर गेले तोवर सगळे प्रवासी निघून गेले होते. रडत परत आले तर हे घराच्या पायरीवर बसलेले! पत्ता कसा सापडला विचारलं, नुसते हसले. सामान कुठे, तर दोन्ही हात उघडे करून दाखवले. विमान कंपनीला विचारायचं राहिलंय, बॅग कुठे हरवली ते. तूही चौकशी कर.

क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही, मैत्री. कोणी दुसरेच गृहस्थ वाटले. मग त्यांनी मान तशी कलती केली, मिलवाले ऐकू आलं नाही की करतात तशी, आणि ओळख पटली. पटली की मी पटवून घेतली, कोण जाणे. चार वर्षांत माणूस केवढा बदलतो! किती वाळलेत. इंग्रजी तर साफ विसरले, टीव्हीवर माणूस बोलला की विचारतात, काय म्हणतोय तो? माझ्यावर ओरडायचे, हसायचे, ते काही नाही. तुझं मागचं पत्र मनात होतं, चिडायचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं आणि जमलं नाही.

पण एक गोष्ट तू चुकीची लिहिलीस, दहाही बोटं शाबूत म्हणून; दोघांची बोटं तुझ्या लिहिण्यात उलटसुलट झाली असतील. त्यांच्या बोटाला काय झालं? डाव्या हाताची अनामिका, टोकच नाही. जखम जुनी दिसते, अगदी भरून आलेली. मी नर्स आहे, मला कळतं. बोल्टनमध्ये झालं असेल आणि लपवलं असेल. विचारलं तर हात मागे घेतात.

मदत मात्र खूप करतात. काल मी शिलाई मशीनवर पाळण्याच्या चादरीला टीप घालत होते. कंबर भरून आली होती. मागून डाव्या खांद्यावर थाप पडली. हात इतका गार! मी उठले, ते बसले, आणि सुई एक क्षणही थांबली नाही.

एक गंमत, तुझ्या वडिलांसारखीच, सगळ्या मिलवाल्यांची सवय दिसते. दोन्ही दिवस दिवे लागले की विचारतात, "आज मशीन थांबलं तर नाही?" त्यांना कपडे धुवायच्या मशीनची काळजी पडली आहे! मी म्हणते, "बाबा, नवीन आहे, कशाला थांबेल?" ते उत्तर त्यांना चालत नाही. आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखे माझ्याकडे बघत बसतात.

आता मला झोप लागते. घरात कोणीतरी आहे हे कळतं. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी
यशोधराताई


इंदूर
२५ मार्च १९९८

यशोधराताई,

जयभीम. माझं ९ मार्चचं पत्र तुम्हाला आता मिळालं असेल. तुमचं १० मार्चचं मला मिळालं. त्यानंतर तुमचं काही आलेलं नाही, तेव्हा तुम्ही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या असतील असं धरून लिहिते. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

तुमचे वडील इथे आहेत. हे लिहिताना ते ओट्यावर आईला मटार सोलून देत आहेत. त्यांचा पासपोर्ट आमच्या कपाटात आहे, तिकीट त्यातच आहे, एकही कुपन फाडलेलं नाही. बॅग हरवलेली नाही. दुपटी अजून वरच आहेत.

तुमच्या घरी आहेत ते माझे वडील आहेत. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं. दुसरं वाक्य मिळालं नाही.

त्यांच्यापासून तुम्हाला काही भीती आहे असं मला वाटत नाही. ते कधी कोणावर ओरडले नाहीत. मिलच्या आवाजातसुद्धा नाही, तिथे ते खांद्यावर हात ठेवायचे. त्यांना बोट कशाने गेलं ते विचारू नका. त्या दिवसाबद्दल ते घरीही बोलत नसत. आणखी काही विचारावं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असते तर विचारलं नसतं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने शेगडी बंद केली, बसली आणि म्हणाली, "गेले एकदाचे. किती वर्षं जायचं होतं त्यांना." ती रडली नाही. तुमच्याकडे थंडी पडते का, एवढं तिने विचारलं. स्वेटर इथे राहिला म्हणून.

तुमच्या वडिलांनीही सगळं ऐकलं. मग म्हणाले, "एका मशीनवर दोघं उभे राहत नाहीत. मी गेलो की त्याला उठावं लागेल." मी विचारलं, "उठून ते कुठे जातील?" त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "माझं काही नाही. पोरगी अडचणीत आहे, ती बोलावेल तर निघेन. तिला तिचा बाप हवा की नाही, ते तिला विचार."

म्हणून विचारते आहे. बाळंतपणाला घरात आपलं माणूस हवं, असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ते माणूस इथे आहे आणि यायला तयार आहे. परवानगी जानेवारीपर्यंत चालू आहे, नवीन काढावी लागणार नाही.

नियम तुम्हाला माहीत असावा म्हणून पुन्हा लिहिते. एका वेळी तीन महिने राहता येतं. आठ मार्चपासून धरलं तर जूनच्या आठ तारखेपर्यंत. बाळंतपण त्यात बसतं. त्यानंतर देशाबाहेर पडावं लागतं. तुमच्या घरी जे आहेत त्यांना हा नियम लागू होतो का, हे कुठे विचारायचं मला माहीत नाही.

मी सहा तारखेला स्टेशनवर माझ्या वडिलांच्या इतकी जवळ उभी होते, की माझ्या हातात सामान नसतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करते. तुमच्या निर्णयात हे धरू नका. माझी इच्छा काय आहे तेही धरू नका. ती मी लिहीत नाही.

फक्त एवढं करा. दिवे लागल्यावर ते मशीनबद्दल विचारतात तेव्हा "नाही थांबलं" म्हणा. तेवढेच दोन शब्द, पुढे-मागे काही नको. त्यांना त्याचीच सवय आहे. जोवर ते तिथे आहेत तोवर रोज म्हणा.

तुमच्या वडिलांसाठी तेवीस एप्रिलच्या विमानात मी जागा धरून ठेवली आहे. त्यांना पाठवू की नको, ते वीस एप्रिलपर्यंत कळवा. ऑफिसच्या नंबरवर फॅक्स चालेल.

मैत्री चांगदेव हिरोळे